लांब पल्ल्याची पायवाट आणि वाटेवरची गावं : ग्वाल्हेरच्या ‘छोटी लाइन’च्या निमित्ताने

ग्वाल्हेर ते श्योपूर धावणारी छोटी रेल्वे मार्च २०२० मध्ये लॉकडाउनबरोबर थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाही. दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचा रूळ, सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास आणि वेळ दहा-अकरा तास. या रुंदीच्या जगातल्या सर्वांत लांब मार्गांत तिची गणना व्हायची. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानानं ती टप्प्याटप्प्यानं बांधली आणि १९०९ मध्ये ती श्योपूरला पोचली. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी महाराष्ट्रातून जाणारा प्रत्येक पर्यटक बघून येतो. खरी गाडी मात्र घोसीपुरा, मोतीझील, बामोरगाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगड, वीरपूर अशी गावं घेत, टपावर माणसं बसवून, चंबळच्या मुलखातून जायची.

आता या पट्ट्यात ब्रॉडगेजचं काम सुरू आहे. ग्वाल्हेरकडून नवी लाइन टप्प्याटप्प्यानं पुढं सरकते आहे. जुन्या छोट्या लाइनचे जे तुकडे नव्या आखणीत येत नाहीत, त्यांचं पुढं काय, हा प्रश्न उरतोच. जगात अनेक ठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालण्याच्या आणि सायकलच्या लांब वाटा झाल्या. काही झाल्या, काही गावकऱ्यांनी होऊ दिल्या नाहीत. दोन्ही गोष्टी कशा घडतात, आणि ग्वाल्हेर-श्योपूरसारख्या मुलखात अशी वाट काढायची म्हटली तर आधी कुणाशी काय बोलावं लागेल, याची ही माहिती.

आधी गाडीचं बोला

कुठल्याही बंद रेल्वेच्या गावात पायवाटेचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘गाडी कधी सुरू होणार ते सांगा.’ विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावरची ‘शकुंतला’ बंद पडली, त्यानंतर लोकांनी केलेल्या मागण्या तपासून पाहाव्यात. गाडी परत द्या, नाहीतर ब्रॉडगेज करा. रूळ उखडून तिथं फिरायला वाट करा, असं अचलपूरच्या बाजारात कुणी म्हटलं तर लोक हसतील तरी, नाहीतर चिडतील तरी. सबलगड किंवा वीरपूरचा माणूसही याहून वेगळं बोलणार नाही. त्याच्यासाठी ती लाइन म्हणजे ग्वाल्हेरचा दवाखाना, कोर्टाची तारीख, कॉलेज आणि दुधाचे डबे. गाडी गेली तेव्हा त्याचं स्वस्त तिकीट गेलं.

म्हणून पाठिंबा मिळवण्याचं पहिलं काम पायवाटेचं नाहीच. नवी लाइन कुठून जाणार, आपल्या गावाजवळ स्टेशन आहे का, जुन्या स्टेशनच्या जागेचं काय होणार, ही उत्तरं गावापर्यंत पोचलेली असली पाहिजेत. ती नसताना शहरातून सायकलवाले आले आणि ‘हेरिटेज ट्रेल’ म्हणू लागले, तर गावाला वाटणार की गाडी कायमची गेल्याचंच हे सांगायला आले आहेत. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिचा गाभाही हाच आहे. बंद मार्ग तुकड्यातुकड्यानं विकून न टाकता त्यावर तात्पुरती वाट करायची, आणि पुढं रेल्वेला गरज पडली तर तो परत घेता यावा, अशी सोय त्यात ठेवली. वाट म्हणजे रेल्वेचा शेवट नव्हे, हे तिथं कागदावर लिहून द्यावं लागलं.

ग्वाल्हेर शहराच्या बाजूला आणखी एक मागणी आहे, जुन्या रुळांवर पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी चालवण्याची. तिची चर्चा अधूनमधून होत असते. पायवाटवाले आणि हेरिटेज गाडीवाले एकाच जागेसाठी भांडत बसले तर दोघांच्याही हाती काही लागणार नाही. रुळाशेजारून वाट जाऊ शकते, पण ते मोजून पाहिल्याशिवाय बोलू नये.

जमीन कुणाची

रेल्वेची जमीन रेल्वे मंत्रालयाची असते आणि मोकळ्या जमिनीच्या व्यापारी विकासासाठी रेल भूमी विकास प्राधिकरण आहे. कागदावर एवढं सोपं. प्रत्यक्षात गाडी थांबली की रुळाच्या कडेला हळूहळू शेणाच्या गोवऱ्या रचल्या जातात, मग जनावरं बांधली जातात, मग एक टपरी उभी राहते. कुठं शेजारच्या शेताचा बांध हातभर पुढं सरकतो. हे सगळं बेकायदा आहे असं म्हणून मोकळं होता येतं. पण वाट टिकवायची असेल तर याच माणसांच्या दारातून ती जाणार असते.

इथं महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थोडी शब्दांची ओळख. मध्य प्रदेशात तलाठ्याला पटवारी म्हणतात, गट नंबरला खसरा, गायरानाला चरनोई. गावचा कोतवाल तिकडं कोटवार होतो. वाटेचा नकाशा करणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पटवाऱ्याकडून खसऱ्याचा नकाशा घ्यावा आणि जिथं वाट रेल्वेच्या हद्दीबाहेर जाते तो प्रत्येक तुकडा चरनोई आहे, खासगी आहे की वनखात्याचा, हे लिहून काढावं. चरनोईवरून जाणारी वाट म्हणजे गुरं चारणाऱ्यांशी बोलणी. ग्रामसभेत ठराव झाला तरी गुराखी त्या सभेला आलेलेच नसतात, ही नेहमीची गोष्ट.

शेजारच्या शेतकऱ्याचा विरोध हा काही भारतातलाच विषय नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका कुटुंबाच्या जमिनीतून गेलेला जुना रेल्वेमार्ग सरकारला पायवाटेसाठी हवा होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूनं लागला : रेल्वेला फक्त वापराचा हक्क होता, रेल्वे गेली की तो हक्क संपला. त्या निकालानं तिकडच्या अनेक वाटांचे कागद पुन्हा उघडावे लागले.

चंबळच्या पट्ट्यात जमिनीबद्दलचा संशय जास्तच खोल आहे आणि त्याला कारणं आहेत. कूनोच्या जंगलात सिंह आणायचे म्हणून चोवीस गावं उठवली, त्यात बहुतेक सहरिया आदिवासी कुटुंबं होती. सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ ला तिथं नामिबियातून चित्ते आले. चंबळच्या कडेनं जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या आखणीवर शेतकऱ्यांनी आक्षेप घेतले आणि सरकारला फेरविचार करावा लागला. नदीवर घडियालांसाठीचं राष्ट्रीय चंबळ अभयारण्य १९७९ पासून आहे, त्याचे नियम वेगळे. अशा मुलखात कुणी मोजणीचा टेप आणि झेंडी घेऊन रस्त्यावर उभा राहिला की गावात बातमी पसरते ती एकच : ‘जमीन जाणार.’ पायवाटेला चार-पाच फुटांची रुंदी पुरते, भूसंपादन लागत नाही, हे खरं असलं तरी ते आधी सांगायला हवं, झेंड्या रोवल्यावर नव्हे. जिथं भूसंपादन लागणार असेल तिथून वाट वळवावी. एका शेतकऱ्याशी भांडण्यापेक्षा दोन किलोमीटरचा वळसा स्वस्त पडतो.

मराठी माणसाला हे नवीन नाही

लांबच्या वाटेला गावांनी कसं सांभाळायचं, याचं शिक्षण परदेशातून आणायची खरं तर गरज नाही. नर्मदा परिक्रमा याच मध्य प्रदेशात आहे आणि तिला मराठी माणसं मोठ्या संख्येनं जातात. नदी १३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता, एका काठानं जाऊन दुसऱ्या काठानं परत यायचं, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर चालणं. रीतीप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. हल्ली बरेच जण काही महिन्यांत पुरी करतात. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकांनी मराठी घरांत ही वाट पोचवली.

ही वाट कुठल्याही खात्यानं आखलेली नाही. ती चालते ती सदावर्तावर. गावातलं एखादं घर, एखादा आश्रम, एखादी धर्मशाळा परिक्रमावासीयाला पीठ, डाळ, मीठ देते, झोपायला ओसरी देते. बदल्यात काय? चालणाऱ्याचं वागणं. ‘नर्मदे हर’ म्हणत तो येतो, मिळेल ते घेतो, जास्त मागत नाही, चातुर्मासात एका जागी थांबतो. गावाला त्याच्याबद्दल काही विचारावं लागत नाही, कारण तो कोण आहे हे वेषावरून आणि त्याच्या हातातल्या कमंडलूवरून कळतं. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी परिक्रमावासीयाला लुटायचं, हासुद्धा जुन्या वर्णनांत वाटेचाच एक भाग मानलेला आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठावरची गावं आणि जुनी वाट गेली, तेव्हा वाट डोंगरात सरकली आणि नवी गावं सदावर्त घालू लागली. कुठल्या विभागानं पत्रक काढलं नव्हतं.

पण यात एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. परिक्रमेला किंवा वारीला गाव जे देतं ते पुण्य म्हणून देतं. हौसेनं फिरायला निघालेल्या, हजार-दोन हजारांचे बूट घातलेल्या तरुणाला फुकट भाकरी का द्यायची, हा वीरपूरच्या बाईचा प्रश्न रास्त आहे. मौजेच्या वाटेला सदावर्ताचा पाया मिळत नाही. तिथं पैसे द्यावे लागतात, ठरलेल्या दरानं आणि वेळेवर.

पंढरीच्या वारीतून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, मुक्कामाची गावं ठरलेली, कुठल्या दिंडीनं कुठल्या घरी उतरायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गावं आनंदानं पाहुणचार करत आली. तक्रार होती ती पालखी निघून गेल्यावरच्या सकाळची. लाखो माणसं एका रात्रीत उघड्यावर बसून गेल्यावर गावानं आठ दिवस कसं राहायचं? ‘निर्मलवारी’ या नावानं फिरत्या शौचालयांचं काम सुरू झालं ते यातून. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गांची पायाभरणी झाली, तेव्हा त्यांच्या कडेला वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायी मार्ग आखण्यात आला. म्हणजे शतकानुशतकं चाललेल्या वाटेलाही शौचालय आणि कडेची जागा हे प्रश्न सोडवावेच लागले. नव्या वाटेनं ते पहिल्या वर्षीच सोडवलेले बरे.

ग्वाल्हेरहून निघालेल्या पदयात्रा

ग्वाल्हेरला स्वतःचाही एक अनुभव आहे, आणि तो बराच मोठा आहे. २ ऑक्टोबर २००७ ला एकता परिषदेची ‘जनादेश’ पदयात्रा ग्वाल्हेरहून दिल्लीला निघाली. सुमारे पंचवीस हजार भूमिहीन आणि आदिवासी माणसं महिनाभर महामार्गावरून रांगेत चालली, रस्त्यावरच जेवली, रस्त्यावरच झोपली. २०१२ मध्ये ‘जनसत्याग्रह’ पुन्हा ग्वाल्हेरहूनच निघाला आणि ११ ऑक्टोबरला आग्र्यात केंद्र सरकारशी करार होऊन थांबला.

ही मौजेची चाल नव्हती, हक्काची होती. पण इतकी माणसं वाटेवर कशी पोसली गेली, हे पायवाटवाल्यांनी अभ्यासण्यासारखं आहे. चालणं सुरू होण्याआधी वर्षभर तयारी चालली. २०१२ च्या आधी पी. व्ही. राजगोपाल यांनी कन्याकुमारीहून ‘जनसंवाद’ यात्रा काढली आणि देशभरच्या जिल्ह्यांतून लोकांचं ऐकत ते ग्वाल्हेरला पोचले. चालणाऱ्यांच्या घरी रोज मूठभर धान्य आणि एक रुपया बाजूला काढला जायचा, म्हणजे खर्चाचा पहिला वाटा चालणाऱ्याचाच. गट ठरलेले, गटाचा प्रमुख ठरलेला, जेवण दिवसातून एकदा. एवढ्या गर्दीत शिस्त राहिली ती गट लहान ठेवल्यामुळं.

यातलं बरंचसं बळ जौऱ्याचं. छोट्या लाइनवरच्या या गावात एस. एन. सुब्बराव यांनी महात्मा गांधी सेवा आश्रम उभा केला आणि एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढं चंबळच्या बागींनी इथंच शस्त्रं ठेवली. बीहडातून वाट काढायची म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या मनात अजून दरोडेखोरच येतात, मग तो पुण्याचा असो की बेळगावचा. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सिनेमांनी ताजी ठेवली आहे. वाटेच्या प्रचारात ‘डाकूंचा मुलूख’ म्हणून ती विकायचा मोह होईल. तो टाळावा. जिथं लोकांनी त्या दिवसांत माणसं गमावली, त्या घरांना त्याची जाहिरात आवडणार नाही, आणि त्याच घरांत मुक्कामाची सोय मागायची आहे.

याच भागातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ग्वाल्हेरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर बटेश्वरची मंदिरं आहेत. दगडांचा ढीग झालेल्या या शेकडो लहान देवळांचं काम पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी २००५ च्या सुमारास हाती घेतलं तेव्हा त्या जंगलावर निर्भय गुज्जरच्या टोळीचा ताबा होता. मुहम्मद यांनी सांगितलेली हकीकत अशी, की टोळीशी बोलणं झालं, देवळांचं महत्त्व त्यांना पटलं आणि काम बिनधोक चाललं. पुढं टोळ्या संपल्या आणि आसपास दगडाच्या खाणींचे स्फोट सुरू झाले, तो धोका जास्त मोठा निघाला. जवळच पडावलीची गढी आणि मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर. छोट्या लाइनच्या पहिल्या टप्प्यातून फाटा काढून इथं जाता येईल. वाटेला अशी दोन-तीन ठिकाणं लागतात, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी बसनं परत जातो.

बाणाची खूण

युरोपात सांतियागोची वाट आज जगभर माहीत आहे. १९८६ मध्ये ती पुरी केल्याचा दाखला घेणारे जेमतेम अडीच हजार होते, २०२३ मध्ये ते चार लाखांच्या वर गेले. याची सुरुवात एका गावच्या पाद्र्यानं केली. एलियास वालीन्या त्याचं नाव. १९८४ मध्ये पिवळ्या रंगाचा डबा घेऊन तो वाटेवर बाण काढत निघाला. सरकारी फलक, केंद्र, संग्रहालय सगळं नंतरचं. वाटेवरच्या गावांत शिक्का मारून घ्यायचा, शिक्क्यांची वही दाखवून स्वस्त मुक्काम मिळवायचा, ही पद्धत तर अगदी साधी आहे. शिक्का किराणा दुकानात, शाळेत, चहाच्या टपरीवर ठेवता येतो. शिक्का मारायला थांबलेला माणूस चहा घेतोच.

अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड ही २४० किलोमीटरची जुन्या रेल्वेवरची वाट पूर्ण व्हायला जवळपास तीस वर्षं लागली, ती २०१३ मध्ये जोडली गेली. मधल्या काळात तुकडे तुकडे सुरू होते. कोळसा आणि पोलादाचे कारखाने बंद पडलेली ती गावं. तिथं वाटेवरच्या गावांना धंदा कसा मिळेल यावर वेगळं काम केलं गेलं, कारण वाट नदीकाठानं जाते आणि गावचा बाजार वर टेकडीवर असतो. सायकलवाला खालूनच निघून जायचा. खाली पाटी लावली, सायकल ठेवायला जागा केली, पाण्याचा नळ दिला, मग तो वर येऊ लागला. कैलारस किंवा सबलगडलाही स्टेशन आणि बाजार यांत अंतर आहेच.

कुणाशी बोलायचं आणि कधी

सरपंचाशी बोलल्यानं काम सुरू होतं, पण तेवढ्यानं होत नाही. पंचायतीत महिला सरपंच असेल आणि बोलणारा ‘सरपंचपती’ असेल, तर बैठक त्याच्याशीच होऊन संपते. मुक्कामाचं काम, चूल, पाणी, कपडे हे बायकांवर पडणार असतं. त्यांना वेगळं विचारावं, आणि शक्य तर विचारणारीही बाईच असावी. बचतगट आहेत तिथं दर ठरवणं सोपं जातं. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाची ग्रामीण होमस्टेची योजना आहे, तिची माहिती गावात बहुधा नसते. शाळेच्या मास्तरांना विसरू नये. वाटेच्या खुणा कुणी उपटल्या तर त्यांना पहिल्यांदा कळतं.

पहिल्या बैठकीत नकाशा दाखवू नये, असं अशा कामातले जुने लोक सांगतात. नकाशा दिसला की ठरलंय असं वाटतं. कोरा कागद न्यावा आणि गावालाच विचारावं की जुनी पाऊलवाट कुठून जाते, विहीर कुठं आहे, कुठल्या ओढ्याला पावसात पाणी येतं, रात्री कुठून जाऊ नये. बीहडातल्या घळी दरवर्षी सरकतात, ते गुगलला कळत नाही, गुराख्याला कळतं.

हंगाम लहान आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, पावसात बीहडाची माती चिकट होते. उरतात ते दिवाळीनंतरचे चार महिने, त्यातही डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं. याच दिवसांत रब्बीला पाणी द्यायचं असतं आणि मोहरी-गव्हाची शेतं उभी असतात. म्हणजे चालणाऱ्यांचा हंगाम आणि शेतकऱ्याच्या कामाचे दिवस एकच. शेताच्या मधून कुणी फोटोसाठी मोहरीत शिरला तर त्या गावात पुढच्या वर्षी बैठक घ्यायची सोय राहत नाही. कूनोच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि गावच्या वाटाड्याशिवाय कुणी जाऊ नये, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं.

लष्करमधल्या मराठी मंडळींना या कामात रस वाटणं साहजिक आहे, कारण या मुलखाशी मराठी माणसाचं नातं पानिपतच्या स्वारीपासूनचं आणि शिंदेशाहीचं आहे. महाराष्ट्रातून चालायला येणारा पाहुणा पहिल्यांदा त्यांच्याच दारी येईल. त्याला दोन दिवस ठेवून घेणं, हिंदीतली दोन वाक्यं शिकवणं, खांद्यावरच्या पिशवीतलं निम्मं सामान काढून ठेवणं, हे ते चांगलं करू शकतात. सबलगडच्या पुढं मात्र बोलणारा माणूस तिथलाच हवा. वाट ‘शिंद्यांची रेल्वे’ म्हणून रंगवली तर शहरात टाळ्या मिळतील. पण ज्यांच्या आज्यांनी त्या गाडीच्या टपावर बसून लग्नाची वरात नेली, त्यांच्यासाठी ती छोटी लाइनच आहे, आणि पाटीवर तेच नाव असलेलं बरं.

सुरुवातीला वीस-पंचवीस किलोमीटरचा एकच तुकडा निवडावा, शहराजवळचा, जिथं रविवारी माणसं येतील आणि संध्याकाळी परत जातील. त्या तुकड्यावर एक वर्ष काय बिघडतं ते बघावं : कचरा कोण उचलतो, कुत्री कुठं अंगावर येतात, टपरीवाल्याचा धंदा वाढला की नाही, गेट कुणी उघडं टाकलं आणि कुणाची म्हैस पिकात गेली. म्हशीची भरपाई त्याच आठवड्यात मिळाली, तर पुढच्या गावात बैठकीला माणसं येतात.